पाण्याशिवाय तारण होतं का? बाप्तिस्म्याच्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये हा प्रश्न बहुतेकदा कुणी गेल्यावर निघतो. वर्षानुवर्षं रविवारच्या उपासनेला मागच्या बाकावर बसणारा, घरी रोज प्रार्थना करणारा, पण भाऊबंदांच्या धाकाने म्हणा किंवा जातीच्या दाखल्याच्या काळजीने म्हणा, बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती मंडळीत घेण्याचा संस्कार, न घेतलेला माणूस जातो. अंत्यविधी कोणी करायचा, कब्रस्तानात जागा द्यायची का, यावर पंचांची खलबतं सुरू होतात आणि दाराशी उभी मंडळी हळूच विचारतात, याचं तारण, म्हणजे पापातून सुटका, झालं असेल ना? शरणपूर रोडचं जुनं सेंट अँड्र्यूज चर्च, नाशिकरोडचं बाळ येशूचं मंदिर, सातपूर-सिडकोकडे भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळ्या: एवढ्या अंतरात या प्रश्नाची तीन-चार निराळी उत्तरं ऐकू येतात. देणारे सगळे मनापासून देतात, आणि सगळ्यांच्या हाती पवित्र शास्त्र एकच असतं.

वादाचं मूळ त्या शास्त्रातच आहे. पाण्यापासून व आत्म्यापासून जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही, असं येशू निकदेमाला सांगतो (योहान ३:५). पन्नासाव्या दिवसाच्या सणाला पेत्र जमावाला पश्चात्ताप करून पापांच्या क्षमेसाठी बाप्तिस्मा घ्यायला सांगतो (प्रेषितांची कृत्ये २:३८). त्याच पेत्राच्या पत्रात बाप्तिस्मा तारतो असं उघड लिहिलेलं आहे, मात्र अंगाचा मळ धुण्याने नव्हे, हा खुलासा लगेच जोडलेला आहे. दुसरीकडे पौल इफिसकरांना लिहितो की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे झालं आहे. आणि करिंथकरांना तर तो सांगतो की ख्रिस्ताने मला बाप्तिस्मा करायला नव्हे, सुवार्ता सांगायला पाठवलं. कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी पवित्र आत्मा आधी उतरतो, पाणी मागून येतं. येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराला तर पाण्याचा थेंबही लागलेला नसतो आणि त्याला त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळतं.

वादात हुकमाचं पान म्हणून टाकलं जातं ते मार्क १६:१६, ‘जो विश्वास धरतो व बाप्तिस्मा घेतो त्याचे तारण होईल.’ पण वचनाच्या उत्तरार्धात शिक्षा विश्वास न धरणाऱ्याला आहे. बाप्तिस्मा न घेतलेल्याचा तिथे उल्लेखच नाही. शिवाय मार्काच्या शेवटच्या बारा ओळी सिनाय आणि व्हॅटिकन या दोन सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत. एवढ्या एका वचनावर कुणाच्या मेलेल्या बापाचा निकाल लावू नये, असं मला ठामपणे वाटतं.

पहिल्या पिढ्यांमध्ये विश्वास आणि पाणी यांत फारसं अंतरच पडत नसे. फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी रात्री ऐकतो आणि त्याच रात्री घरादारासह बाप्तिस्मा घेतो. पहिल्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास तयार झालेल्या ‘डिडाखे’ या शिकवणुकीच्या छोट्या पुस्तिकेत बाप्तिस्मा वाहत्या पाण्यात द्यावा असं सांगितलं आहे. वाहतं नसेल तर दुसरं कुठलंही, थंड नसेल तर कोमट, आणि तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावं. बुडवून की शिंपडून यावर आज आपल्याकडे मंडळ्या फुटतात. त्या पुस्तिकेने मात्र चार ओळींत सगळ्यांची सोय लावली होती.

अंतर पडलं ते पुढे. तयारीचा काळ दोन-तीन वर्षांवर गेला. बाप्तिस्म्यानंतरच्या मोठ्या पापाला क्षमा अवघड, ही धास्ती असल्याने लोक तो लांबवू लागले. सम्राट कॉन्स्टन्टाइनने ३३७ मध्ये मरणशय्येवर बाप्तिस्मा घेतला. मग तयारीत असतानाच जो मेला त्याचं काय? छळात मारल्या गेलेल्यांसाठी उत्तर आधीच तयार होतं. त्यांचा बाप्तिस्मा त्यांच्याच रक्ताने झाला, असं टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने इ.स. २०० च्या सुमारास लिहून ठेवलं होतं.

साध्या मरणाचा प्रश्न ३९२ मध्ये उभा राहिला, आणि तो थेट राजघराण्यात. तरुण सम्राट दुसरा व्हॅलेन्टिनियन गॉलमधल्या व्हिएन गावी होता. मिलानचे बिशप अँब्रोज यांनी येऊन आपल्याला बाप्तिस्मा द्यावा म्हणून त्याने निरोप धाडला होता. ते पोहोचण्याआधीच तो मृत आढळला. वय जेमतेम एकवीस. अंत्यविधीला त्याच्या बहिणी समोर बसलेल्या. भाऊ संस्काराविना गेला, या दुःखाने त्या खचल्या होत्या. अँब्रोज यांनी त्यांना जे सांगितलं त्याचा आशय असा: त्याने मागितलं होतं, आणि जो मागतो त्याला मिळतं, हुतात्मे आपल्या रक्ताने धुतले जातात, तर याला याच्या भक्तीने आणि इच्छेने धुतलं. बाप्तिस्म्याविषयी अतिशय कडक शिकवण देणारा हा बिशप. पण समोर रडणाऱ्या बहिणी आल्या तेव्हा त्याने दार बंद केलं नाही. ‘इच्छेचा बाप्तिस्मा’ ही जी शिकवण पुढे रूढ झाली, तिचा मोठा आधार त्या दिवसाचं भाषण आहे.

अँब्रोज यांच्याच हातून बाप्तिस्मा घेतलेल्या ऑगस्टीनची वाट जास्त कठोर. मूळ पाप न मानणाऱ्या पेलेगियसशी झालेल्या वादात त्याने मांडलं की आदामाचं पाप तान्ह्या बाळालाही लागू आहे. बाप्तिस्म्याविना गेलेलं बाळ शिक्षेतून सुटत नाही, फक्त ती शिक्षा सगळ्यांत सौम्य असते. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने मूळ पाप आणि बालबाप्तिस्म्याची त्याची बाजू उचलून धरली. मध्ययुगात या कठोरपणाला ‘लिंबो’ची पळवाट निघाली: यातना नाहीत, पण देवदर्शनही नाही. या एका शिकवणीपायी युरोपातल्या किती आयांनी जन्मभर जीव जाळला असेल! कॅथलिक चर्चच्या धर्मशास्त्रीय आयोगाने २००७ मध्ये, सोळाव्या बेनेडिक्टच्या काळात, अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत असं मांडलं. इतकी शतकं गेल्यावर का होईना, ते म्हटलं गेलं.

तातडीचा बाप्तिस्मा याच भीतीतून आला आणि आजही टिकून आहे. नवजात बाळ हाती लागत नाही असं दिसलं की कॅथलिक नर्स फादरांची वाट पाहत नाही. हातात असेल ते स्वच्छ पाणी बाळाच्या डोक्यावर तीनदा ओतते आणि नाव घेऊन पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते. कॅथलिक नियमानुसार अशा वेळी ओतणारी व्यक्ती ख्रिस्ती नसली तरी चालते. चर्चला अभिप्रेत आहे ते करण्याचा तिचा हेतू असला म्हणजे झालं.

सोळाव्या शतकात वाद चव्हाट्यावर आला. प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक ल्यूथर याने बाप्तिस्म्याचं महत्त्व कमी केलं नाही, पण दोषी ठरवते ती संस्काराची उणीव नव्हे, त्याची अवहेलना, हे जुनं सूत्र ल्यूथरपंथीयांनी धरून ठेवलं. झुरिकचा सुधारक झ्विंग्ली याला पाणी ही करारातली खूण वाटे. त्याच्याच काही अनुयायांनी २१ जानेवारी १५२५ रोजी प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला, कारण बाळपणीचा त्यांना बाप्तिस्माच वाटत नव्हता. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला झुरिकच्या सरकारने जानेवारी १५२७ मध्ये लिमाट नदीत बुडवून मारलं. बाप्तिस्म्याच्या वादात पाण्याचाच फास करावा, ही गोष्ट ख्रिस्ती म्हणवणाऱ्या कुणीही विसरू नये. कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये बाप्तिस्मा ऐच्छिक म्हणणाऱ्याला बहिष्कृत ठरवलं, पण त्याच वर्षीच्या दुसऱ्या ठरावात ‘स्नान किंवा त्याची इच्छा’ असे शब्द ठेवले. अँब्रोजची खिडकी उघडीच राहिली. वेस्टमिन्स्टर कबुलीत, म्हणजे प्रेस्बिटेरियनांच्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात, एकाच कलमात दोन्ही आलं: बाप्तिस्म्याचा अव्हेर हे मोठं पाप, तरी कृपा आणि तारण त्याला अशी जखडलेली नाहीत की त्याच्याविना कुणाचं तारण होऊच नये.

पुढे दोन टोकं झाली. अमेरिकेत अलेक्झांडर कॅम्पबेलच्या परंपरेतल्या मंडळ्यांनी, बुडवून घेतलेला बाप्तिस्मा पापक्षमेसाठीच आहे, हे आग्रहाने धरलं. मुक्तिफौजेने (साल्व्हेशन आर्मी) १८८३ पासून पाण्याचा संस्कारच सोडला. त्याच्या आदल्याच वर्षी ती मुंबईत उतरली होती.

महाराष्ट्रात हा वाद आला तेव्हा त्याला निराळंच वजन होतं. १८३९ मध्ये मुंबईत मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला आणि प्रकरण कोर्टात गेलं. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला, जेवला, पण त्याच्यावर पाणी पडलेलं नव्हतं. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं आणि बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष पत्करून त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घेण्याची खटपट केली. ओंजळभर पाण्याने आई, घर, लग्न, वारसा सगळं तुटायचं. इतकं, की धर्म बदलल्याने वारसाहक्क जाऊ नये म्हणून १८५० मध्ये कायदा करावा लागला आणि धर्मांतरितांच्या मोडलेल्या लग्नांसाठी १८६६ मध्ये दुसरा.

नाशिकमध्ये तर आणखी एक पेच होता. चर्च मिशनरी सोसायटीचं काम इथे १८३०च्या दशकात सुरू झालं, ते रामकुंडाच्या गावात. गोदावरीत बुडी मारून पाप जात नाही असं ज्याने सांगायचं, त्यानेच पुढे म्हणायचं, आता या पाण्याने बाप्तिस्मा घ्या. ऐकणारा विचारणारच, मग तुमच्या पाण्यात वेगळं काय? माझ्या मते इथल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत ‘पाणी तारत नाही, ख्रिस्त तारतो’ हे वाक्य इतकं घट्ट बसलं, त्यामागे जिनिव्हा-झुरिकच्या सुधारकांइतकाच रामकुंडाचाही हात आहे.

शरणपूर या नाशिकच्या मिशन वसाहतीत दुसरी बाजू दिसते. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथल्या आश्रमात वाढली, हातकाम शिकली, ख्रिस्ती झाली. आफ्रिकेचा शोधप्रवासी लिव्हिंगस्टन याचा मृतदेह इंग्लंडपर्यंत सोबत नेणारा जेकब वेनराइट इथलाच. त्या मुलांचं गणगोत आधीच हिरावलं गेलेलं होतं. बाप्तिस्म्याने त्यांना नाव आणि मंडळी मिळाली. ब्राह्मणाच्या मुलाचं त्याच पाण्याने सगळं जाई. पाणी तारणाला आवश्यक आहे का, हे या दोघांना एकाच सुरात सांगता येत नव्हतं.

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी सांगितलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. पाणी पुरेसं आहे असं मानणाऱ्यांना याहून सडेतोड उत्तर मराठी मुलखात कुणी दिलेलं नाही.

उलट्या बाजूची साक्ष नारायण वामन टिळकांची. नाशिकशी त्यांचं नातं जवळचं. शिक्षणाचा काळ इथे गेला आणि सासुरवाडी गोदाकाठचं जलालपूर. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला, तोही नवऱ्यामागे फरफटत जाऊन नव्हे, स्वतःच्या मनाने. बाप्तिस्म्याची एवढी किंमत मोजलेल्या टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात बरोबरीने बसणार होते. टिळकांनी स्वतःचा बाप्तिस्मा कधी नाकारला नाही. ज्याला तो घेता येत नाही त्याला ख्रिस्तापासून दूर ठेवायला ते तयार नव्हते, एवढंच. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले आणि दरबार बाळसं धरण्याआधीच थांबला. मराठी ख्रिस्ती विचारातली ही सर्वांत धाडसी मांडणी आहे, आणि ती आपल्या मंडळ्यांत आज जवळपास कुणी शिकवत नाही याचं वाईट वाटतं.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली. बालबाप्तिस्मा देणारे अँग्लिकन आणि फक्त प्रौढ विश्वासूंना बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्ट एका छताखाली आले, दोन्ही पद्धती मान्य करून. १९२९ मध्ये वेगळा झालेला नाशिकचा अँग्लिकन धर्मप्रांतही तिच्यात आला. १९८७ मध्ये नाशिकला स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत मिळाला.

आजची गाठ धर्मशास्त्राने घातलेली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंपुरता ठेवला. पुढे शीख आणि बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलितांना नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुचेरीच्या एका महिलेला अनुसूचित जातीचा दाखला नाकारला, तेव्हा तिचा बाप्तिस्मा झालेला असणं हा पुराव्याचा भाग होता. म्हणजे चर्चच्या नोंदवहीतली एक ओळ मुलाची शिष्यवृत्ती आणि नोकरी ठरवते. म्हणून मागच्या बाकावरचा माणूस वर्षानुवर्षं मागच्याच बाकावर राहतो. पाळक त्याला घाई करत नाहीत आणि भित्राही म्हणत नाहीत, निदान समजूतदार पाळक तरी. बाप्तिस्मा झालेला नसल्याने तो प्रभुभोजनाच्या भाकरीची ताटली पुढच्याकडे सरकवतो, स्वतः घेत नाही. त्याच्या तारणाबद्दल विचारणाऱ्याला कॅथलिक फादर इच्छेच्या बाप्तिस्म्याचं उत्तर देतील, उत्तर भारतीय मंडळीचे पाळक वधस्तंभावरच्या चोराचं, आणि बुडवून बाप्तिस्मा देणारे काही पास्टर म्हणतील की आज्ञा आहे, जिवंतपणी पाळायला हवी होती. यातलं शेवटचं उत्तर देणाऱ्याने त्या घरी जाऊन, त्याच्या बायकोसमोर बसून ते द्यावं, एवढी माझी मागणी आहे.