छोट्या बेटांच्या देशांसाठी यूएन व्हॉलंटिअर व्हायचंय? मराठवाड्यातून अर्ज कसा करायचा, पात्रता काय, कागदं कोणती

मागच्या महिन्यात अभ्यासिकेत एका पोरानं मोबाईल पुढं केला, सर हे खरं हाय का बघा म्हणला. मेसेज होता, यूएनमधी व्हॉलंटिअर भरती, फिजीला पाठवणार, रजिस्ट्रेशन फी आठ हजार, शेवटची तारीख उद्या. मेसेज शंभर टक्के खोटा होता, आणि त्याच्या गावातल्या एकानं पैसे भरूनबी बसला होता. पण वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं, की असा अर्ज खरोखर असतो, फुकट असतो, आणि तो आपल्याकडं कोणी भरतच नाही. म्हणून हे सगळं एका जागी लिहायलोय.

संयुक्त राष्ट्रांचा एक कार्यक्रम आहे, यूएन व्हॉलंटिअर्स, म्हणजे यूएनव्ही. १९७० साली महासभेच्या ठरावानं सुरू झाला, ऑफिस जर्मनीत बॉनला आहे, कारभार यूएनडीपीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या, छत्राखाली चालतो. जगभरातल्या यूएनच्या संस्थांना माणसं लागतात ती यातून जातात. त्यात ज्या देशांसाठी आपण अर्ज करायचं बोलायलोय ते म्हणजे छोटे विकसनशील बेटांचे देश. यूएन अशा ३९ देशांना वेगळा गट मानते, १९९२ च्या रिओ परिषदेपासून. मालदीव, मॉरिशस, फिजी, तुवालू, किरिबाती, बार्बाडोस, हैती, तिमोर-लेस्ते हे सगळे त्यात येतात. दर दहा वर्षांनी त्यांच्यासाठी मोठा कार्यक्रम ठरतो, १९९४ ला बार्बाडोस, २०१४ ला सामोआ, आणि मे २०२४ मधी अँटिग्वा आणि बार्बुडाला परिषद झाली तिथं पुढच्या दहा वर्षांचा आराखडा ठरला. पाणी, वादळाची पूर्वसूचना, सोलर, मासेमारी, आरोग्य, कर्ज, असे विषय त्यात आहेत.

आता लोक विचारतात, समुद्र बघायला आपल्याला रेल्वेत रात्र काढावी लागते, आपला आणि बेटांचा काय संबंध. मला तर लई जवळचा संबंध दिसतो. डिसेंबर २०१४ मधी मालदीवच्या राजधानीत, मालेत, खारं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटला आग लागली आणि अख्ख्या शहराचे नळ बंद. चोहीकडं पाणी आणि प्यायला थेंब नाही. भारतानं विमानं भरून पाणी पाठवलं, मागनं नौदलाची जहाजं गेली. त्यानंतर सोळाच महिन्यांनी, एप्रिल २०१६ ला, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या फेरीला दहा वॅगन, साधारण पाच लाख लिटर. ज्यांनी त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रांगा लावल्या त्यांना मालेची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. तुवालूत तर नदीच नाही, सगळी वस्ती अकरा हजाराच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं गाव, आणि प्यायचं पाणी म्हणजे छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवलेलं. २०११ ला पाऊस लांबला तर तिथं आणीबाणी जाहीर करावी लागली. ज्यानं गावात पाण्याचा ताळेबंद मांडलाय, शेततळ्याचं काम केलंय, टँकरच्या फेऱ्यांची वही ठेवलीय, किल्लारीच्या भूकंपानंतर घरं बांधायच्या कामात जो होता, त्याच्याकडं तिथं लागणारा अनुभव आहे. आपण त्याला अनुभव म्हणत नाही एवढंच.

कोण अर्ज करू शकतं

दोन रस्ते आहेत. एक ऑनलाइन, घरी बसून. दुसरा प्रत्यक्ष जाऊन.

ऑनलाइनला वय १८ पूर्ण पाहिजे, बाकी डिग्रीची सरसकट अट नाही, कामाला जे कौशल्य लागतं ते अंगात पाहिजे. आठवड्याला जास्तीत जास्त २० तास आणि एक काम जास्तीत जास्त १२ आठवडे. पोस्टर बनवणं, माहिती गोळा करणं, एक्सेलमधी आकडे नीट लावणं, भाषांतर, वेबसाइट, लेखन, असली कामं असतात. पैसे मिळत नाहीत. काम पूर्ण झाल्यावर सर्टिफिकेट मिळतं आणि पुढच्या अर्जाला ते उपयोगी पडतं. घरी आधीच सांगून ठेवा की ही नोकरी नाही, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात आई म्हणते रात्रभर लॅपटॉपवर बसून मिळायलंय काय.

प्रत्यक्ष जायच्या रस्त्यात वयाप्रमाणं गट आहेत. १८ ते २६ यूथ व्हॉलंटिअर. २७ च्या पुढं स्पेशालिस्ट, त्याला किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभव. ३५ च्या पुढं एक्सपर्ट, त्याला १५ वर्षांचा अनुभव. या वरच्या दोन्ही गटांना वयाची मर्यादा ८० पर्यंत आहे, म्हणजे रिटायर झालेले जलसंधारणचे इंजिनिअर, नर्स, कृषी अधिकारी यांनीसुद्धा वाचावं, हे फक्त पोरांसाठी नाही. इथं दर महिन्याला राहण्याखाण्याचा भत्ता मिळतो, जाण्यायेण्याचा खर्च, विमा, आणि महिन्याला अडीच दिवस या हिशोबानं रजा. पगार म्हणत नाहीत, भत्ता म्हणतात, आणि तो त्या त्या देशातल्या महागाईप्रमाणं ठरतो.

एक गोष्ट नीट वाचायची, जी बहुतेक जण वाचत नाहीत. काही जागांचा खर्च एखादा देश उचलतो आणि मग ती जागा फक्त त्याच देशाच्या नागरिकांसाठी असते. काही जागा नॅशनल असतात, म्हणजे त्या देशातल्या लोकांसाठीच. आपल्याला ‘इंटरनॅशनल’ लिहिलेली आणि राष्ट्रीयत्वाची अट नसलेली जागा बघायची. ही ओळ न बघता रात्री दोन वाजेपर्यंत अर्ज भरत बसलेली माणसं मी बघितलीत.

भाषेचं म्हणाल तर फिजी, तुवालू, बार्बाडोस, मालदीव इथं इंग्रजीवर भागतं. हैती, कोमोरोसला फ्रेंच, केप व्हर्देला पोर्तुगीज मागतात. इंग्रजी फाडफाड पाहिजे असं नाही, स्वच्छ लिहिता आणि समोरच्याला कळेल असं बोलता आलं पाहिजे.

अर्ज

यूएनव्हीच्या वेबसाइटवर युनिफाइड व्हॉलंटिअरिंग प्लॅटफॉर्म आहे, तिथं ईमेल टाकून अकाउंट काढायचं. नेटकॅफेवाल्याचा ईमेल टाकू नका, आपला स्वतःचा टाका, पासवर्ड वहीत लिहून ठेवा. एकदा प्रोफाइल भरलं की मग जाहिराती बघून एकेका कामाला वेगळा अर्ज करायचा. नुसतं प्रोफाइल भरून गप बसलं तर काही होत नाही.

प्रोफाइलमधी शिक्षण, अनुभव, भाषा, कौशल्यं. खरी मेहनत अनुभवाच्या रकान्यात आहे. औसा तालुक्यातली एक मुलगी माझ्याकडं आली होती, एमएसडब्ल्यू झालेली, पाणलोटाच्या कामात दोन वर्षं होती. तिनं लिहिलं होतं, ‘मी ग्रामीण भागात समाजसेवा केली व लोकांमध्ये जनजागृती केली.’ म्हटलं बाई, तू नक्की करत काय होतीस ते सांग. तर ती म्हणाली, तीन गावं होती, चाळीस विहिरी, दर महिन्याच्या पाच तारखेला टेप सोडून पाण्याची पातळी मोजायची आणि ग्रामसभेत फळ्यावर लिहायची, एकदा आकडा बघून लोकांनीच उन्हाळी भुईमूग करायचा नाही असं ठरवलं. मग हेच लिही ना! हे तिनं साध्या इंग्रजीत सहा ओळीत लिहिलं, पहिल्यापेक्षा शब्द कमी, आणि वाचणाऱ्याला डोळ्यापुढं विहीर दिसली. बेटावरसुद्धा तेच करतात, तिथं गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो, जास्त उपसला की खारं वर येतं, म्हणून विहिरीवर लक्ष ठेवावं लागतं. तिला ऑनलाइन काम मिळालं, पाण्याच्या नोंदी नीट लावायचं.

प्रत्येक कामाला ‘तुम्हाला हे काम का करायचंय’ असं विचारतात. तिथं लहानपणापासून देशसेवेची आवड वगैरे लिहू नका. जाहिरातीत जे काम सांगितलंय त्यातलं आपण आधी काय केलंय, एवढंच.

कागदपत्रं, म्हणजे खरी डोकेदुखी

ऑनलाइन कामाला सुरुवातीला कागदं फारशी लागत नाहीत. प्रत्यक्ष जायचं असेल तर निवड झाल्यावर पासपोर्ट, डिग्री आणि मार्कमेमो, अनुभवाची पत्रं, ओळख सांगणाऱ्या दोन-तीन माणसांचे ईमेल, वैद्यकीय तपासणी, असं सगळं थोड्या दिवसात मागतात. तेव्हा धावपळ करण्यात अर्थ नाही, आधीच जुळवून ठेवायचं.

आमच्याकडं घोडं अडतं ते नावावर. माझंच सांगतो. दहावीच्या सनदेवर वडलांचं नाव ‘ज्ञानोबा’, आधारवर ‘ज्ञानेश्वर’, टीसीवर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. मला कधी गरज पडली नाही म्हणून तसंच राहू दिलं. एका कामाला निवड झाली, कागदं मागितली, आणि मी दुरुस्तीला पळालो तोवर मुदत गेली. म्हणून आज रात्री दहावीची सनद, आधार, पॅन आणि डिग्री टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर बोट लावून ताडून बघा. आधार दुरुस्त करणं त्यातल्या त्यात सोपं, म्हणून दहावीची सनद मूळ धरून आधार तिच्यासारखं करून घ्या. नाव खरोखरच बदलायचं असेल तर राजपत्रात, म्हणजे गॅझेटमधी, छापून घ्यावं लागतं, ते आता ऑनलाइन होतं. लग्न झालेल्या बायकांनी एक लक्षात ठेवा, लग्न झालं म्हणून पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. डिग्री माहेरच्या नावाची असेल तर पासपोर्टही त्याच नावाचा ठेवलेला बरा, पुढं प्रत्येक ठिकाणी लग्नाचा दाखला जोडत बसावं लागत नाही.

पासपोर्टचा अर्ज पासपोर्ट सेवाच्या सरकारी वेबसाइटवरच करायचा, मिळत्याजुळत्या नावाच्या खोट्या साइट लई आहेत. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये, १० वर्षं चालतो. अपॉइंटमेंट घेऊन मूळ कागदं घेऊन जायचं, नंतर पोलीस व्हेरिफिकेशन. आपल्या पद्धतीनं वडलांचं नाव मधी येतं, ते ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात आपल्या नावापुढं लिहायचं, आडनाव वेगळ्या रकान्यात. यूएनव्हीच्या प्रोफाइलवर नाव पासपोर्टप्रमाणं, जसंच्या तसं. दहावी पास असाल तर सनद जोडा म्हणजे पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीचा शिक्का लागत नाही.

डिग्रीचं सांगायचं तर बरेच जण प्रोव्हिजनलवर, म्हणजे तात्पुरत्या प्रमाणपत्रावर, वर्षानुवर्षं काढतात. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ असो की संभाजीनगरचं बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, पदवी प्रमाणपत्रासाठी अर्ज करून ते हातात घेऊन ठेवा. अनुभवाचं पत्र मराठीत असेल तर संस्थेकडूनच इंग्रजीत, लेटरहेडवर, तारखांसकट मागा. ‘उत्कृष्ट काम केले’ याच्यापेक्षा कधीपासून कधीपर्यंत आणि काय काम, हे महत्त्वाचं.

निवड कशी होते

अर्ज गेला की छाननी, मग मुलाखत, बहुतेक व्हिडिओ कॉलवर. कधी लेखी काम देतात. वेळ कोणत्या देशाची सांगितलीय ते बघा. फिजीत सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडं रात्रीचे अडीच, बार्बाडोसचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. लाइटचा भरोसा नसेल तर इन्व्हर्टरवाल्या मित्राचं घर आधीच ठरवून ठेवा, मोबाईल डेटा वेगळा राहू द्या. निवड झाल्यावर बीसेफ नावाचा यूएनचा सुरक्षेचा ऑनलाइन कोर्स करावा लागतो, तोही फुकट आहे, आधी करून ठेवला तरी चालतो.

कुठल्याच टप्प्यावर पैसे लागत नाहीत. रजिस्ट्रेशन, मुलाखत, ट्रेनिंग, व्हिसा प्रोसेसिंग, कशाच्याही नावानं कोणी पैसे मागितले की तो यूएनचा माणूस नाही. ईमेलचा पत्ता @ च्या पुढं काय आहे ते बघा, जीमेलवरनं नेमणूकपत्र येत नसतं. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा, जितका उशीर तितकं अवघड.

अजून दोन गोष्टींची लोक गल्लत करायलेत. आयटेक म्हणून भारत सरकारचा कार्यक्रम आहे, १९६४ पासून, पण त्यात बाहेरच्या देशातले लोक भारतात येऊन शिकतात, त्याचा खर्च आपलं सरकार करतं. आपण भारतीयांनी त्यात शिकायला अर्ज करायचा नसतो. दुसरं, भारत-यूएन विकास भागीदारी निधी, २०१७ ला सुरू झाला, १५ कोटी डॉलरचा. त्याचा पहिला प्रकल्प प्रशांत महासागरातल्या सात बेटांच्या देशांत हवामानाची पूर्वसूचना देणारी यंत्रणा उभी करायचा होता. त्यातून पैसे मिळवून देतो म्हणून संस्थावाल्यांकडं फिरणारे आहेत, पण तिथं प्रकल्प त्या देशांच्या सरकारकडून येतात आणि यूएनच्या संस्था ते राबवतात, गावातल्या संस्थेला किंवा एकट्या माणसाला थेट अर्जाची सोय नाही.

बऱ्याच अर्जांना उत्तरच येत नाही, आलं तरी महिन्यानं नकाराचं. त्या औश्याच्या मुलीला पाचव्या अर्जाला काम मिळालं. दर वेळी ती अनुभवाचा रकाना परत वाचायची आणि एखादी ओळ कमी करायची. आता तिचा पासपोर्टचा नंबर लागलाय, पुढच्या वर्षी यूथमधनं अर्ज करणार म्हणते, वय पंचवीस आहे, म्हणजे त्या गटात तिच्याकडं एक-दोन वर्षंच उरलीत.