कशागानचा पाइप आणि कोयत्याला दिलेलं पाणी

कझाकस्तान सरकारने २०२३ मध्ये कशागान तेलक्षेत्रातल्या परदेशी कंपन्यांविरुद्ध लवादात दावा ठोकला, खर्चाच्या हिशोबावरून. सुरुवातीचा आकडा १३ अब्ज डॉलर होता, नंतर तो फुगतच गेला. ही बातमी मी फॅमिली ग्रुपवर टाकली (हो, मी असल्या बातम्या फॅमिली ग्रुपवर टाकतो, कुणी वाचत नाही) आणि खाली कशागानच्या २०१३ मधल्या पाइपफुटीबद्दल (उत्पादन सुरू झालं आणि दोनच आठवड्यांत गॅसच्या पाइपला गळती) दोन ओळी लिहिल्या, तर दाजींचा लगेच रिप्लाय, "कॉन्ट्रॅक्टरने हलकं लोखंड घातलं असणार, दोन आठवड्यात पाइप जातो म्हणजे काय!" दाजी बांधकामात आहेत, त्यांचा अनुभव त्यांच्याजवळ, पण इथे भानगड बरोब्बर उलटी होती. पाइप हलका असता, म्हणजे मऊ असता, तर कदाचित टिकला असता.

आधी जागा समजून घ्या. कॅस्पियन समुद्राचा उत्तरेकडचा भाग, अटिराऊ शहरापासून साधारण ८० किमी. तेल सापडलं २०००मध्ये, तेव्हा तीस-एक वर्षांतला जगातला सगळ्यात मोठा तेलाचा शोध म्हणून गाजलं, ९ ते १३ अब्ज बॅरल काढता येतील असा अंदाज. समुद्र इथे जेमतेम ३-४ मीटर खोल, पाणी फारसं खारट नाही, त्यामुळे हिवाळ्यात सरळ गोठतं, आणि थंडी उणे ३५ पर्यंत. मुंबई हायला असतो तसा प्लॅटफॉर्म सरकणारा बर्फ इथे उभा ठेवणार नाही, म्हणून दगड-खडी ओतून चक्क बेटं बांधली. बर्फाचे ढिगारे समुद्राचा तळसुद्धा खरवडतात, त्यामुळे पाइप तळाखाली चर खणून पुरावा लागतो. तेल आहे चार किमीपेक्षा खोल, तिथलं प्रेशर हवेच्या दाबाच्या सातशे-आठशे पट. पहिलं तेल २००५ ला येणार होतं, आलं २०१३ ला, तोवर खर्च ५० अब्ज डॉलरच्या घरात. तेलधंद्यातल्या लोकांनी कशागानचं नाव 'कॅश ऑल गॉन' करून टाकलं होतं. कशागान हे खरं तर एका जुन्या कझाक शाहिराचं नाव, बिचारा.

आणि या तेलासोबत येणाऱ्या गॅसमध्ये साधारण १५ टक्के किंवा त्याहून जास्त हायड्रोजन सल्फाइड, एचटूएस. सडक्या अंड्याचा वास येतो तोच. हवेत १०० पीपीएम (दहा लाख भागांत शंभर) म्हणजे जिवाला धोका, आणि इथे दीड लाख पीपीएम! त्यात वाईट म्हणजे शंभर-दीडशे पीपीएमच्या पुढे नाक बधिर होतं, वास येणंच बंद होतं, माणसाला वाटतं गॅस गेला. आपल्याकडे गटारात, सेप्टिक टँकमध्ये उतरलेली माणसं एकामागोमाग एक जातात त्यामागे बहुतेक वेळा हाच गॅस असतो, आणि तरी लोक 'त्या जागेत काहीतरी आहे' म्हणत बाहेर अंगारा लावतात. काहीतरी आहेच ना, मोजता येतं, मीटर मिळतो.

तर ११ सप्टेंबर २०१३ ला उत्पादन सुरू झालं. २४ सप्टेंबरला गॅसच्या पाइपलाइनला गळती. दुरुस्त करून परत चालू केली, ऑक्टोबरमध्ये परत गळती, मग बंदच. तपासणीत नुसती एखादी भेग नाही, जागोजागी तडे. निदान झालं सल्फाइड स्ट्रेस क्रॅकिंग, म्हणजे एचटूएसमुळे ताणाखालच्या पोलादाला तडे जाणं. आता माझ्या आवडीचा भाग, थोडा वेळ काढून वाचा.

लोहार कोयता करतो तेव्हा लालभडक पातं पाण्यात बुडवतो, त्याला पाणी देणं म्हणतात. पोलादात थोडा कार्बन असतो. गरम असताना लोखंडाच्या अणूंची मांडणी अशी असते की मधल्या फटींत कार्बन आरामात बसतो. हळू थंड केलं तर मांडणी बदलताना कार्बनला बाहेर सरकायला वेळ मिळतो आणि पोलाद मऊ, चिवट राहतं. एकदम थंड केलं तर तो जागच्या जागी अडकतो, सगळी जाळी ताणून धरतो, आणि तयार होतं मार्टेन्साइट, कडक पण ठिसूळ. म्हणून जास्त पाणी बसलेल्या कोयत्याची धार उडते, कानस फरशीवर पडली तर तिचे दोन तुकडे होतात, आणि सळया बांधायची तार तुम्ही कितीही पिळा, ती पिळली जाते, पटकन मोडत नाही.

वेल्डिंग करताना नकळत हेच होतं. वेल्डच्या शेजारचं पोलाद काही सेकंदात तापतं आणि आजूबाजूचा अख्खा थंड पाइप त्याची उष्णता ओढून घेतो, म्हणजे पाण्यात न बुडवता पाणी दिलं गेलं. आधी पाइप तापवून घेणं (प्रीहीट), वेल्डिंगची उष्णता किती द्यायची त्याचा हिशोब, हे सगळे सोपस्कार त्यासाठीच. साइटवर पहिल्या जॉइंटला नारळ फोडा, मला काही प्रॉब्लेम नाही, पण नारळ फोडून झाल्यावर टेंपरेचर चॉकने (ठराविक तापमानाला वितळणारा खडू) प्रीहीटपण बघा.

आता एचटूएस. पाइपमध्ये पाण्याचा अंश असला की हा गॅस त्यात विरघळतो आणि लोखंडाला खातो, लोखंड सल्फाइड तयार होतं आणि हायड्रोजनचे सुटे अणू पोलादाच्या पृष्ठभागावर येतात. एरवी साध्या आम्लातसुद्धा असं होतं, पण तिथे बरेचसे हायड्रोजन अणू जोडी जमवून रेणू होतात आणि बुडबुडा होऊन निघून जातात. सल्फाइड या जोड्या जमू देत नाही. एकटा राहिलेला हायड्रोजन म्हणजे जगातला सगळ्यात हलका, अगदी छोटा अणू, तो सरळ पोलादाच्या आत शिरतो आणि साध्या तापमानालासुद्धा आत भटकत राहतो. जिथे ताण जास्त तिथे लोखंडाचे अणू जरा फाकलेले असतात, तिथे हा जाऊन गोळा होतो. म्हणजे एखाद्या बारीक भेगेच्या टोकाशी.

मऊ पोलादात भेगेचं टोक ताण आला की थोडं वाकतं, बोथट होतं, ताण पसरतो. कडक मार्टेन्साइटला वाकता येत नाही, त्यात हायड्रोजनने अणूंची पकड ढिली केलेली, मग भेग पुढे, हायड्रोजन तिच्या मागोमाग, परत भेग पुढे. (नेमकं आत काय घडतं, पकड ढिली होते की अणूंच्या थरांचं सरकणं एका जागी एकवटतं, यावर शास्त्रज्ञांचं अजून जोरदार भांडण चालू आहे आणि दोन्ही बाजूंकडे सुंदर फोटो आहेत.) गंमत म्हणजे हे सगळ्यात वाईट साध्या खोलीच्या तापमानाच्या आसपास होतं, गरम पाइपात कमी, कारण गरम असताना हायड्रोजन एका जागी टिकत नाही.

याचा धडा धंद्याला फार आधी मिळालाय. अमेरिकेतल्या नेस संस्थेचं १९७५चं स्टँडर्ड आहे, एमआर-०१७५, त्याचा जगप्रसिद्ध आकडा म्हणजे साध्या पोलादाचा कडकपणा रॉकवेल सी २२ च्या वर नको, वेल्डला विकर्स २५० च्या वर नको (रॉकवेल, विकर्स ही ठसा उमटवून कडकपणा मोजायची मापं). वर नको हं, खाली चालेल. आणि हे नियम कधी लागू, तर एचटूएसचा स्वतःचा दाब ०.३ किलोपास्कलच्या पुढे गेला की. समजा पाइपात १०० बार प्रेशर धरलं आणि १५ टक्के एचटूएस, तर त्याचा दाब १५ बार, म्हणजे १५०० किलोपास्कल. उंबरठ्याच्या पाच हजार पट!

मग एवढे नियम माहीत असून चूक कशी होते? तर कडक ठिपका फार छोटा असू शकतो. अशा पाइपची प्लेट लालभडक असताना लाटतात आणि पाण्याच्या फवाऱ्याने मोजून-मापून थंड करतात. फवारा कुठे जरा जास्त बसला की अगदी वरचा मिलिमीटरभरापेक्षा पातळ थर कडक होतो, आतलं सगळं छान मऊ. नेहमीच्या विकर्स टेस्टमध्ये १० किलोचा भार देतात आणि ठसा पृष्ठभागापासून साधारण दीड मिमी आत घेतात, तिथे आकडा पास. एचटूएसमधली टेस्ट ७२० तासांची, म्हणजे तुकडा ताण देऊन महिनाभर त्या घाण पाण्यात ठेवायचा, पण तुकडा लेथवर गोल करताना तो वरचा थरच छिलून निघून जातो! म्हणजे आजारी भाग कापून टाकला आणि मग रक्त तपासलं. कशागानच्या प्रकरणानंतर पाइप बनवणाऱ्यांनी आणि तपासणाऱ्यांनी हलक्या भाराने, पृष्ठभागाला अगदी खेटून कडकपणा मोजण्यावर भर दिला तो यामुळे.

तुम्हाला हे फार लांबचं वाटत असेल तर भोसरी-चाकणला कुठल्याही चांगल्या प्लेटिंगवाल्याकडे जा. १२.९ ग्रेडचा बोल्ट झिंक प्लेटिंग करून आला की तो दोनशे डिग्रीच्या आसपास कित्येक तास भट्टीत ठेवतात, प्लेटिंग करताना आत शिरलेला हायड्रोजन हाकलायला. मी एका छोट्या कंपनीत होतो तिथे डिस्पॅचच्या घाईत एक लॉट न भाजता गेला. कस्टमरने संध्याकाळी बोल्ट टाइट केले, टॉर्क बरोबर, सगळं ओके, आणि सकाळी तीन बोल्टांची डोकी जमिनीवर. साध्या ८.८ च्या बोल्टाला हा त्रास सहसा होत नाही, तो तेवढा कडक नसतोच. हे दाजींना सांगितलं तेव्हा कुठे त्यांनी अंगठा टाकला.

कशागानला मात्र बेक करून भागणार नव्हतं. तेलाची आणि गॅसची दोन्ही लाइन बदलायचं ठरलं, प्रत्येकी ९५ किमी, बेटापासून जमिनीवरच्या बोलाशाक प्लांटपर्यंत (बोलाशाक म्हणजे कझाकमध्ये भविष्यकाळ). फेब्रुवारी २०१५ मध्ये इटलीच्या सायपेम कंपनीला १.८ अब्ज डॉलरचं काम मिळालं. नवा पाइप २८ इंची, बाहेरून साधं पोलाद, आतून निकेलच्या मिश्रधातूचं अस्तर. प्रेशर पोलादाने सोसायचं आणि एचटूएसला तोंड अस्तराने द्यायचं, म्हणजे हायड्रोजन पोलादाजवळ तयारच होत नाही. महाग का, तर निकेल महाग आहेच, शिवाय प्रत्येक जोडाला आतलं अस्तर अस्तराला तंतोतंत भिडलं पाहिजे, पाइप जरा लंबगोल असेल तरी वेल्डर वैतागतो.

आणि आपला संबंध? ओएनजीसी विदेशने नोव्हेंबर २०१२ मध्ये याच क्षेत्रातला कोनोकोफिलिप्सचा ८.४ टक्के वाटा साधारण ५ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं होतं. कझाकस्तानने जुलै २०१३ मध्ये स्वतःचा पहिला हक्क वापरून तो वाटा घेतला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला चिनी सरकारी तेल कंपनी सीएनपीसीला देण्याचा करार केला. आपल्याकडे तेव्हा 'चीनने पळवलं' म्हणून केवढी हळहळ. दोन-तीन आठवड्यांत पाइप तडकला, आणि निर्यातीचं पहिलं तेल निघायला ऑक्टोबर २०१६ उजाडला.