राक्षस आणि नायक : गॉथिक व किशोर अद्भुतकथेत

गॉथिक कादंबरी, म्हणजे जुन्या गढ्या, गुपिते आणि भय यांची कथा, आणि किशोरवयीन वाचकांसाठीची अद्भुतकथा या दोन्ही प्रकारांचा कणा म्हणजे राक्षस आणि नायक यांची जोडी. राक्षसाची भूक कोणती, त्याला बंदी कशाची आणि तो नायकाचा कोण लागतो, एवढे ठरले की नायकाच्या अंगी काय असायला हवे ते आपोआप ठरते. आधी शूर नायक आणि मग त्याच्या मापाचा शत्रू, अशी उलटी रचना केली की हाती बहुधा नुसती मारामारी उरते.

‘राक्षस’ हा शब्द येथे सोयीपुरता वापरला आहे. आपल्याकडे राक्षस ही जात आहे. त्याला कूळ असते, राज्य असते, तपश्चर्या करून मिळवलेला वर असतो. इंग्रजीतला ‘मॉन्स्टर’ लॅटिनमधल्या ‘मॉन्स्ट्रम’ म्हणजे अपशकुन, दैवी इशारा या शब्दावरून आला. तो बहुधा एकटा असतो, आणि तो दिसला याचाच अर्थ कुठेतरी काही बिघडले आहे. या दृष्टीने आपला मुंजा किंवा ब्रह्मराक्षस त्याला रावणापेक्षा जवळचा. त्यांच्याही मागे काहीतरी अपुरे राहिलेले असते.

गॉथिक कादंबरीची सुरुवात होरेस वॉलपोल यांच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’पासून धरतात. ती डिसेंबर १७६४ मध्ये निघाली आणि १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीवर ‘गॉथिक कथा’ हे उपशीर्षक आले. लग्नाच्या दिवशी एक अवाढव्य शिरस्त्राण कोसळते आणि गढीचा वारस त्याखाली चिरडून मरतो. येथे राक्षस म्हणजे ती गढीच, कारण वारसाच्या पणजोबाने ती लबाडीने बळकावलेली असते. पुढे अ‍ॅन रॅडक्लिफ यांनी ‘टेरर’ आणि ‘हॉरर’ यांत फरक केला. पहिल्याने मन ताणले जाऊन जागे होते, दुसऱ्याने गोठते. आपल्या रसव्यवस्थेत भयानक आणि बीभत्स यांच्यात साधारण असेच अंतर आहे. रॅडक्लिफ यांच्या कादंबऱ्यांत पडद्यामागचे भूत शेवटी भूत नसतेच. वाचकांनी त्याबद्दल कुरकुर केली, आणि ती रास्तच होती.

राक्षसाला स्वतःचे म्हणणे मिळाले ते मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेनस्टाइन’मध्ये. १८१६ च्या उन्हाळ्यात लिहायला घेतली तेव्हा त्या अवघ्या १८ वर्षांच्या होत्या. १ जानेवारी १८१८ रोजी ती तीन खंडांत, लेखिकेच्या नावाविना, ५०० प्रतींत छापली गेली. व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन हे निर्मात्याचे नाव. निर्मिलेल्याला नावच नाही, आणि लोकांनी बापाचे नाव त्याला चिकटवले हा नामकरणाचा एक चमत्कारिक न्यायच. तो आठ फूट उंच का? बारीक अवयव जोडायला वेळ लागतो, म्हणून घाईत असलेल्या व्हिक्टरने माप मोठे धरले. म्हणजे त्याची भीषणता सैतानाकडून आलेली नाही, करणाऱ्याच्या घाईतून आली आहे. हा जीव एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपतो, फटीतून आतल्या माणसांना पाहत भाषा शिकतो आणि रात्री गुपचूप त्यांची लाकडे आणून ठेवतो. बाकीचे बाहेर गेलेले पाहून तो आधी आंधळ्या म्हाताऱ्याला भेटतो. हिशेब बरोबर असतो. न पाहणारा माणूस त्याच्याशी नीट बोलतो. तेवढ्यात मुलगा परततो आणि काठी घेऊन तुटून पडतो. जीव उलट हात उगारत नाही. वाचकाची बाजू बदलते ती या प्रसंगात. घटनांच्या क्रमाने खून त्यानंतरचे आहेत, आणि हा क्रम उलटा असता तर कादंबरी टिकली नसती.

दुसरा मोठा धडा नियमांचा. ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’मध्ये (१८९७) राक्षसावर बंधनांची यादीच आहे. घरातल्या कोणी बोलावल्याशिवाय पहिल्यांदा आत येता येत नाही, आरशात प्रतिबिंब पडत नाही, वाहते पाणी फक्त भरती-ओहोटीच्या ठरावीक वेळी ओलांडता येते, आणि विसाव्याला मायदेशाची माती लागते. म्हणून तो मातीच्या ५० पेट्या लंडनला आणतो. कार्फॅक्स या त्याने विकत घेतलेल्या वाड्याच्या पडक्या प्रार्थनामंदिरात २९ सापडतात, बाकीच्या शहरभर पसरलेल्या असतात. पाठलागाचे सगळे गणित या पेट्यांवर चालते; एकेक निकामी करत ४९ संपतात आणि उरलेल्या एकीतून तो पळतो. समोर कोणी महावीर नाही. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, आणि रोजनिश्या-पत्रे टाइप करून तारीखवार लावणारी मीना हार्कर अशी टोळी आहे. राक्षस एक हस्तलिखित जाळतो, पण दुसरी प्रत तिजोरीत असते. उन्हाने तो भस्म होतो ही समजूत मात्र १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटाची देणगी. कादंबरीतला काउंट ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो, फक्त त्याची शक्ती उणावते. शेवटी तो मरतोही सुऱ्यांनी, छातीत ठोकलेल्या खुंटीने नव्हे.

त्याआधीच्या ‘कार्मिला’तला (१८७१-७२) नियम याहून नाजूक. पिशाच्चिणीला नाव बदलता येते, पण अक्षरे तीच ठेवावी लागतात : मिर्काला, मिलार्का, कार्मिला. योगायोगाने देवनागरीतही मि, र्, का, ला ही चारही जशीच्या तशी राहतात. मराठी अनुवादकाला असे फुकटचे दान क्वचितच पडते.

किशोर अद्भुतकथेने ही सामग्री उचलली आणि नायकाचे वय १५ ते १७ च्या आसपास आणले. पहिली अडचण लगेच येते, ती आईबापांची. सत्ता आणि अक्कल असलेली वडीलधारी माणसे जवळ असली तर प्रश्न तिसऱ्या प्रकरणातच मिटेल. म्हणून त्यांना मारतात, दूर ठेवतात, त्यांचा विश्वास बसू देत नाहीत, किंवा त्यांनाच संशयित करतात. यातला शेवटचा उपाय सर्वांत फलदायी, कारण त्याने राक्षस पुन्हा गॉथिकसारखा घरात येतो. अनाथ करणे सर्वांत सोपे, आणि म्हणूनच सर्वांत झिजलेले.

दुसरा बदल असा, की राक्षस नायकाच्या आत सरकतो. पौर्णिमेला बदलणारे शरीर, आवरत नसलेली भूक, अचानक आलेली ताकद हे सगळे वयात येण्याच्या अनुभवाशी इतके जुळते की वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. याचा चोख नमुना अर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’त (१९६८) आहे. गेड हा विद्यार्थी चढाओढीत, निव्वळ अहंकाराने, एक सावली मोकळी सोडतो. पळतो तोवर ती बळावते. गुरूच्या सल्ल्याने तो वळतो आणि तिचाच पाठलाग करू लागतो, तेव्हा पारडे फिरते. त्या जगात कोणावरही ताबा मिळतो तो खऱ्या नावाने. अखेरीस तो तिला स्वतःच्याच नावाने हाक मारतो.

राक्षसाला प्रियकर करणे ही २००५ च्या ‘ट्वायलाइट’नंतर उसळलेली लाट. त्यात ऊन लागले की पिशाच्च जळत नाही, चमकते. नियम बदलायला हरकत नाही. पण बदललेल्या नियमाची किंमत कोणीतरी मोजायला हवी. भूक सहज आवरणारा राक्षस हा फक्त देखणा मुलगा असतो.

रचना फसते ती ठरावीक जागी. पहिल्या वीस पानांत राक्षस पायापासून डोक्यापर्यंत दाखवला की पुढे दाखवायला काही राहत नाही. स्टोकर यांनी काउंटला पहिल्या चार प्रकरणांत समोर ठेवले आणि नंतर क्वचितच. बाकी सगळे कुत्रे, धुके आणि मानेवरचे दोन ठिपके सांगतात. शेवटच्या लढाईत एकदम नवी शक्ती किंवा नवा मंत्र निघणे हा दुसरा दोष. ज्या उणिवेने राक्षस मरणार ती निम्म्या कथेआधी वाचकाच्या हाती पडलेली हवी, मग ती ध्यानात न आली तरी चालेल. भविष्यवाणीने निवडलेला नायक स्वतः काही निवडत नाही, हे अनेक जाड मालिकांचे दुखणे आहे. आणि व्रण, कुबड, लंगडेपणा यांतून दुष्टपणा सुचवण्याची जुनी सवय तर आळसच : ज्या शरीराने कोणाचे काही बिघडवले नाही त्याच्यावर ती पाप लादते.

राक्षसाशी गाठ पडल्याच्या खुणांचे पुढे काय होते यावरूनही लेखनाचा काळ ओळखता येतो. ड्रॅक्युला मरताच मीनाच्या कपाळावरचा डाग नाहीसा होतो. गेडच्या चेहऱ्यावरचे सावलीचे ओरखडे पुढच्या पुस्तकांतही तसेच राहतात.