परदेशातल्या म्हातारपणाची भाषा

दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाला कारखान्यांसाठी माणसे हवी होती. १९५१ मध्ये इटलीशी स्थलांतराचा करार झाला, पाठोपाठ ग्रीसमधूनही भरती सुरू झाली, आणि पुढच्या दोन दशकांत दक्षिण युरोपातल्या खेड्यापाड्यांतली कुटुंबेच्या कुटुंबे बोटीने मेलबर्न आणि सिडनीला उतरली. यंत्रापुढे उभे राहायला जेवढी लागते तेवढी इंग्रजी ही माणसे शिकली. घरात, चर्चमध्ये आणि शेजारपाजारी गावाकडची बोलीच चालू राहिली. ती पिढी आता ऐंशी-नव्वदीत आहे. पन्नास वर्षे इंग्रजीत बाजारहाट केलेले आजोबा स्मृतिभ्रंश जडल्यावर परिचारिकेच्या साध्या इंग्रजी प्रश्नालाही आपल्या बोलीत उत्तर देऊ लागतात, हा अनुभव तिथल्या वृद्धाश्रमांत नवा नाही. त्यातही ती बोली पुस्तकी इटालियन नसते, कालाब्रियातली किंवा सिसिलीतली असते, आणि प्रमाण इटालियन शिकलेल्या दुभाष्याला ती अर्धीमुर्धीच कळते. मालवणी आजींसमोर पाठ्यपुस्तकातली मराठी बोलणारा माणूस बसवावा, तसाच हा प्रकार.

हा म्हातारपणाचा हट्ट नव्हे. स्मृती जाऊ लागते तेव्हा अलीकडचे आधी जाते आणि जुने मागे राहते, असे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्येच मांडले होते. भाषेच्या बाबतीत आजचे स्पष्टीकरण याहून थोडे बारकाईचे आहे. लहानपणी कानावर पडून आलेल्या भाषेचे व्याकरण भाकरी थापण्यासारखे असते. हात आपोआप चालतो, पण कसा चालतो ते सांगता येत नाही. मोठेपणी शिकलेली भाषा मात्र बरीचशी आठवणींच्या आधाराने बोलली जाते, आणि नव्या आठवणी साठवण्यात ज्याचा मोठा वाटा असतो त्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागावर अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजाराचा घाला फार लवकर पडतो. शिवाय दोन भाषा येणाऱ्याच्या मेंदूत दोन्ही भाषा सतत जाग्या असतात. समोर कोण आहे हे पाहून एक पुढे करायची आणि दुसरी दाबून ठेवायची, हे काम कपाळामागचा भाग करतो. ही राखण ढिली पडली की नको ती भाषा नको तेव्हा बाहेर येते. अर्थात, प्रत्येकाची दुसरी भाषाच आधी जाते असे नाही. काही रुग्णांत दोन्ही भाषा बरोबरीने ओसरताना दिसल्या आहेत.

दोन भाषांमुळेच डोक्याचा गोंधळ होतो, असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. हैदराबादमध्ये स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे त्यात आढळले. शाळेची पायरीही न चढलेल्यांत हा फरक दिसला, ही मला त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते.

खरी अडचण निदानापासून सुरू होते. स्मृती तपासण्याची जगभर वापरली जाणारी एक चाचणी १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झाली. तिच्यात इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग उलट सांगायला लावतात. हाच प्रश्न देवनागरीत विचारून पाहावा: ‘महाराष्ट्र’ उलटा सांगायचा तर ‘ष्ट्र’चे काय करायचे आणि काना कोणाला द्यायचा? ज्या ग्रीक आजी शाळेतच गेल्या नाहीत त्या अशा प्रश्नाला गोंधळल्या, तर कागदावर त्यांची बुद्धी कमी भरते. याच्या नेमके उलटेही घडते. आजार खरोखर असतो, पण ‘त्यांना इंग्रजी कुठे येते’ म्हणून तो वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. घरचे लोकही ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देतात, कारण म्हातारचळ हा आपल्या लेखी आजारच नसतो.

सिडनीच्या नैऋत्य भागात अनेक देशांतून आलेल्यांची दाट वस्ती आहे. तिथल्या डॉक्टरांनी स्थलांतरित वृद्धांना डोळ्यांसमोर ठेवून २००४ मध्ये ‘रुडास’ ही चाचणी प्रसिद्ध केली. ती एकूण ३० गुणांची आहे आणि २२ किंवा त्याहून कमी गुण पडले तर पुढची तपासणी करतात. सुरुवातीला आजींना वाणसामानाची यादी सांगतात: चहा, तेल, अंडी, साबण. मग स्वतःच्या आणि समोरच्याच्या शरीराचे डावे-उजवे ओळखणे, मूठ आणि तळहात आलटून पालटून टेबलावर ठेवणे, ठोकळ्याचे चित्र काढणे असे प्रकार होतात. त्यानंतर प्रश्न येतो: तुम्ही वर्दळीच्या रस्त्याच्या कडेला उभ्या आहात, सिग्नल नाही, पट्टे नाहीत, तर सुखरूप पलीकडे कशा जाल? मग पुन्हा यादी विचारतात. आजी अडखळल्या तर ‘पहिला चहा होता’ एवढी आठवण देतात, पण चहाचे गुण मग मिळत नाहीत. शेवटी एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी, कोणत्याही भाषेत. हे सारे दुभाष्यामार्फत करता येते. (शाकाहारी घरातल्या आजी यादीतल्या अंड्यांनाच अडतील, अशी शंका मला आहे.)

ऑस्ट्रेलियात फोनवरून दुभाषी पुरवणारी सरकारी सेवा १९७३ पासून आहे आणि ती आता दीडशेहून अधिक भाषांत चालते. तरीही दवाखान्यात पुष्कळदा मुलगा किंवा नातच दुभाषी होते. यात माया असते, पण मोजमाप बिघडते. उत्तर अर्धवट आले तर मुलगा ते पुरे करून सांगतो, डॉक्टरांनी वाईट बातमी दिली तर ती गाळतो, आणि लघवीवर ताबा राहिला नाही हे आई मुलापुढे बोलतच नाही.

साठी-सत्तरीत मुलांकडे मेलबर्नला राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांची अडचण आणखी वेगळी असते. आपल्याकडे दुखण्याला एकच शब्द नाही. दाढ ठणकते, पोटात कळ येते, कमरेत उसण भरते, गुडघ्यात चमक निघते, पायाला मुंग्या येतात. ठणका म्हटले की नाडीच्या ठोक्याबरोबर होणारी वेदना, कळ म्हटले की उठून ओसरणारी, मुंग्या म्हटले की मज्जातंतूशी संबंध; अर्धे निदान क्रियापदातच असते. तिथे वाढलेली नात या सगळ्याचे ‘पेन’ करते, आणि डॉक्टर शून्य ते दहापैकी आकडा विचारतात. आजी म्हणतात, ‘दुखतं गं, पण सोसतं.’ नात पुढे सांगते: तीन.

स्मृतिभ्रंश वाढत जाऊन कोणतीच भाषा उरली नाही, तर त्या टप्प्यासाठीही ऑस्ट्रेलियातच ‘ॲबी’ ही वेदनामापनाची पट्टी तयार झाली आहे. तिच्यात आवाज, चेहरा, शरीराच्या हालचाली, वागण्यातला बदल, नाडी-तापमान आणि अंगावरच्या जखमा या सहा गोष्टींना प्रत्येकी शून्य ते तीन गुण देतात. दुभाषी लागत नाही. पण वागण्यात बदल झाला आहे का, हे ठरवायला आधीचे वागणे ठाऊक लागते. आजी रोज संध्याकाळी पुटपुटतात ती वेदना आहे की शुभंकरोती, हे त्या रात्रपाळीच्या परिचारिकेला कोणीतरी आधीच सांगून ठेवावे लागते.