पार्श्वभूमी : इंग्रजीतला 'ई' आणि टायपिंगचा पहिला धडा

लातूर असो, नांदेड असो की अंबाजोगाई, टायपिंगच्या क्लासला नाव घातलं की पहिला धडा ठरलेला: ए-एस-डी-एफ-जी-एफ, सेमीकोलन-एल-के-जे-एच-जे. बोटं बसेपर्यंत पानंच्या पानं हेच. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांच्या वेगाचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे आपल्याकडची कितीतरी मुलं या धड्यातून जातात. पण इंग्रजीत सगळ्यात जास्त वापरली जाणारी दोन अक्षरं, ई आणि टी, या धड्यात नाहीतच. आणि सगळ्यात दुर्मिळ अक्षरांपैकी एक असलेला जे मात्र उजव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली, अगदी मोक्याच्या जागी बसला आहे. हे असं का झालं, हे कळायला अक्षरं मोजण्याचा इतिहास पाहावा लागतो.

मोजणीची सुरुवात इंग्रजीत झालीच नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी नावाचा विद्वान होऊन गेला. सांकेतिक लिपीतला मजकूर कसा उलगडायचा, यावर त्याने ग्रंथ लिहिला. त्याची युक्ती अशी: त्याच भाषेतला एखादा साधा, लांबलचक मजकूर घ्या, त्यात कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजा, मग गुप्त मजकुरातल्या चिन्हांची तशीच मोजणी करा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. अरबीत अलिफ आणि लाम ही अक्षरं सर्वांत पुढे येतात. मराठवाड्यात सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाचा अंमल होता, कचेरीचा कारभार उर्दूतून चालायचा आणि जमिनीचे जुने कागद आजही त्याच लिपीत सापडतात. त्यामुळे अलिफ, लाम, मीम ही नावं आपल्या जुन्या पिढीला परकी नव्हती. या शास्त्राचा उगम त्या अक्षरांत आहे, हे आपल्याकडच्या शाळांतून सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

इंग्रजीची मोजणी जमली ती छापखान्यात, तीही न मोजता. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवणाऱ्याला कोणतं अक्षर किती लागतं हे हातालाच ठाऊक असतं. इंग्रजी केसमध्ये, म्हणजे खिळे ठेवायच्या कप्प्यांच्या पेटीत, छोट्या ई-चा कप्पा सगळ्यात मोठा आणि हाताजवळ. क्यू, झेड, जे यांचे कप्पे लहानसे, कडेला. टिंब आणि रेघांनी तारेवरून निरोप पाठवायच्या मोर्सच्या संकेताची जुळवाजुळव चालू असताना, 1838 च्या सुमारास, याच ज्ञानाचा उपयोग झाला. भाषेतले शब्द मोजत बसण्याऐवजी छापखान्यात कोणत्या अक्षराचे खिळे किती ठेवतात, ते पाहिलं गेलं. मोर्सच्या नावे सांगितले जाणारे आकडे असे: ई 12,000, टी 9,000 आणि झेड फक्त 200. म्हणून ई-ला एकच टिंब मिळालं, टी-ला एकच रेघ. आज प्रचलित असलेल्या आंतरराष्ट्रीय मोर्समध्ये क्यू पाठवायचा तर रेघ, रेघ, टिंब, रेघ असा चार खुणांचा खटाटोप करावा लागतो. जास्त लागणाऱ्याला थोडक्यात उरकायचं, हे तत्त्व पुढे 1952 मध्ये डेव्हिड हफमन यांनी गणिताने पक्कं केलं, आणि फाइल लहान करण्याच्या पद्धतींत ते आजही वापरलं जातं.

1886 मध्ये छपाईसाठी अख्खी ओळ शिशात ओतून देणारं लायनोटाइप यंत्र आलं. ऑटमार मर्गनथेलर यांच्या या यंत्राच्या कळा वापराच्या क्रमानेच लावलेल्या होत्या: पहिल्या उभ्या ओळीत ई-टी-ए-ओ-आय-एन, दुसरीत एस-एच-आर-डी-एल-यू.

टाइपरायटर मात्र या वाटेने गेला नाही. अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरात ख्रिस्तोफर शोल्स यांनी 1868 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. कळांची सुरुवातीची मांडणी बरीचशी वर्णमालेच्या क्रमाची होती, आणि त्याची खूण आजही दिसते: मधल्या ओळीत डी-एफ-जी-एच-जे-के-एल ओळीने वाचून बघा. जे मोक्याच्या जागी आला तो असा, वर्णमालेतल्या शेजाऱ्यांबरोबर. 1874 मध्ये रेमिंग्टन कंपनीचं यंत्र बाजारात आलं आणि मांडणी रुळली. कागदावर अक्षर उमटवणाऱ्या शेजारच्या दांड्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून नेहमीची अक्षरं दूर केली, असं क्लासमध्ये सांगतात. मला ते पुरतं पटत नाही, कारण ई आणि आर ही इंग्रजीत सतत जोडीने येणारी अक्षरं अगदी शेजारी ठेवलेली आहेत.

आता हिशेब बघा. इंग्रजी मजकुरात ई साधारण साडेबारा टक्के, टी नऊ टक्के, ए आठ टक्के. जे, क्यू, एक्स, झेड हे प्रत्येकी पाव टक्क्याच्याही आत. टायपिंगमध्ये पाच ठोक्यांचा एक शब्द धरतात. म्हणजे 40 च्या वेगाला मिनिटाला 200 ठोके, त्यातून मोकळ्या जागा वजा केल्या तर 160-165 अक्षरं. त्यात ई वीसेक वेळा येणार, जे मात्र चारेक मिनिटांतून एकदा. पहिल्या धड्यातल्या मधल्या ओळीत सगळी मिळून जेमतेम तिसरा हिस्सा अक्षरं आहेत. निम्मी वरच्या ओळीत. शिवाय 58 टक्क्यांच्या आसपास काम डाव्या हाताला. परीक्षेच्या तयारीत पोरांचा डावा हात आधी दमतो, त्याचं एक कारण इथे आहे. 1936 मध्ये ऑगस्ट ड्वोरॅक यांनी पेटंट घेतलेल्या मांडणीत जवळपास 70 टक्के अक्षरं मधल्या ओळीत येतात. ती चालली नाही. तोवर शिकलेले टायपिस्ट आणि विकलेली यंत्रं फार झाली होती.

ई-चं प्रमाण एवढं का, याचं उत्तर स्पेलिंगमध्ये आहे: 'द' हा शब्द, भूतकाळाचा 'ईडी', आणि 'मेक', 'टाइम' यांच्या शेवटी उच्चार न होणारा ई. टी आणि एच यांनाही त्या एका 'द'ने वर ओढलं. तारेचा जुना संदेश, कायद्याचा मसुदा, कादंबरी, प्रत्येकात टक्के थोडे हलतात, पण गूगलमधले संशोधक पीटर नॉर्विग यांनी 2012 मध्ये गूगलच्या पुस्तकसंग्रहावर केलेल्या प्रचंड मोजणीतही ई 12.49 टक्क्यांवर आला. म्हणून क्लास चालवणाऱ्यांना एवढंच सुचवावंसं वाटतं: मधली ओळ बसली की लगेच वरच्या ओळीतल्या ई, आर, टी, आय, ओ यांच्यावर जास्त पानं द्या, आणि 'द', 'अँड', 'दॅट' हे शब्द बोटांत मुरेपर्यंत घ्या.