थंडी कडक, बर्फ कच्चा

काश्मीरमधल्या गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवाटच्या डोंगरावर साधारण ३,९५० मीटर उंचीवर नेऊन सोडतो. बहुतेक पर्यटक तिथे फोटो काढतात, गारठतात आणि त्याच केबिनमधून खाली येतात. पण तिथून स्की पॅट्रोलच्या (सुरक्षा पथकाच्या) देखरेखीतला उतार सोडून जरा बाजूला गेलं की बॅककंट्री सुरू, म्हणजे असा डोंगर जिथे बर्फ कोणी तपासलेला नाही, दाबलेला नाही आणि धोक्याचा भाग स्फोट करून आधीच पाडलेलाही नाही. काही जण तर गोंडोलाही घेत नाहीत, खालून स्वतःच्या पायांनी चढतात आणि मग स्की करत उतरतात, यालाच स्की टूरिंग म्हणतात. या दिवसभरात दम किती लागतो, बर्फ किती सुंदर दिसतो यावर खूप लिहिलं जातं, मला मात्र पायाखाली जे चाललेलं असतं त्याबद्दल बोलायचंय, कारण जीव त्यावर अवलंबून असतो आणि वरून बघून ते अजिबात कळत नाही.

आधी चढायचं कसं ते पटकन सांगते. स्कीच्या तळाला एक लांब पट्टी चिकटवतात, तिला स्किन म्हणतात, पूर्वी ती सीलच्या कातड्याची असायची, आता मोहेर (अंगोरा शेळीचे केस) किंवा नायलॉनची असते. तिचे सगळे केस मागच्या बाजूला झुकलेले, त्यामुळे स्की पुढे ढकलली की घसरते आणि मागे यायला लागली की केस बर्फात अडकून तिला धरून ठेवतात. बुटाचं टोक दोन पिनांमध्ये पकडलेलं आणि टाच मोकळी, ही पद्धत ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलने १९८० च्या दशकात काढली. बऱ्यापैकी फिट माणूस अशा रीतीने तासाला ३००-४०० मीटर उंची चढतो.

आता बर्फ. आपली समजूत अशी की थंडी जितकी जास्त तितका बर्फ घट्ट, फ्रीजरमध्ये तसंच तर होतं. पण डोंगरावर साचलेल्या बर्फात बरेचदा नेमकं उलटं घडतं, आणि हे एकदा समजलं की टूरिंगमधले अर्धे निर्णय आपोआप समजतात.

जमीन उन्हाळ्यातली ऊब धरून असते आणि वरचा बर्फ तिच्यावर पांघरुणासारखा पडलेला असतो, त्यामुळे बर्फाच्या अगदी तळाशी तापमान शून्याच्या जवळपासच राहतं, वर हवा कितीही थंड असो. समजा पृष्ठभागावर उणे १५ आहे आणि बर्फ दीड-दोन मीटर जाड आहे, तर तळ ते माथा हा फरक हळूहळू पसरतो आणि बर्फाचे कण एकमेकांना चिकटत जातात, कारण बर्फ हा पदार्थ नेहमीच आपल्या वितळणबिंदूच्या जवळ असतो, त्याचे रेणू कणांच्या पृष्ठभागावर सतत हलत असतात आणि दोन कण जिथे टेकतात तिथे सांधा तयार होतो. असा बर्फ दिवसागणिक मजबूत होतो. पण बर्फ फक्त अर्धा मीटर असेल तर तेवढाच १५ अंशांचा फरक अर्ध्या मीटरमध्ये बसवावा लागतो, म्हणजे मीटरमागे ३० अंश. मीटरमागे साधारण १० अंशांच्या वर गेलं की खेळ बदलतो, खालच्या उबदार थरातून पाण्याची वाफ वर निघते आणि वरच्या थंड कणांवर जाऊन गोठते, ती इतक्या वेगाने गोठते की गोल कण बनायच्या ऐवजी कोरीव, टोकदार, सपाट बाजूंचे स्फटिक तयार होतात. आणि या स्फटिकांमध्ये सांधे जवळजवळ होतच नाहीत. हातात घेतला तर हा बर्फ जाड्या साखरेसारखा बोटांतून गळून जातो, कितीही दाबा, त्याचा गोळा होत नाही.

म्हणजे काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून जी चाळीस दिवसांची चिल्लई कलान असते, त्यात थोडासाच बर्फ पडून मग स्वच्छ निळं आकाश आणि हाडं गोठवणाऱ्या रात्री आल्या, तर पर्यटकांना हवा छान वाटते आणि बर्फाखाली कमकुवत थर वाढत असतो. मग भूमध्य समुद्राकडून वेस्टर्न डिस्टर्बन्स येतो (हेच पुढे सरकले की मागोमाग उत्तरेचे वारे सुटून आपल्याकडे निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात) आणि दोन दिवसांत त्या साखरेवर मीटरभर नवा बर्फ टाकून जातो. वारा हा नवा बर्फ दाबून त्याची सलग लादी करतो. खाली भुसभुशीत, वर जड लादी, आणि हे सगळं तिरक्या डोंगरावर. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवाटच्या हापतखुड भागात हिमस्खलन होऊन दोन पोलिश स्कीअर गेले ते असंच जोरदार बर्फ पडून गेल्यावर. नवीन बर्फानंतरचा पहिला लख्ख दिवस, ज्या दिवशी सगळ्यांनाच डोंगरावर जायची घाई असते, तोच सगळ्यात जपून राहायचा दिवस.

हा कमकुवत थर शोधायचा तर खड्डा खणावा लागतो. गाईड फावड्याने बर्फात सरळ भिंत कापतो, मग वरपासून खालपर्यंत ती हाताने दाबत जातो, कुठे अख्खी मूठ आत जाते, कुठे चार बोटं, कुठे एकच बोट, कुठे फक्त पेन्सिल आणि कुठे तर सुरीच. मूठ जाणाऱ्या थरावर पेन्सिलवाला थर बसलेला दिसला की सगळे गप्प होतात. थोडेसे कण काळ्या पत्र्यावर घेऊन भिंगातून पाहिले की त्यांच्यावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या रेघा स्पष्ट दिसतात, आणि मग शंका राहत नाही. नंतर ९० सेंटिमीटर रुंद आणि ३० खोल असा ठोकळा मोकळा कापतात आणि त्याच्या एका टोकावर फावडं ठेवून टपल्या मारतात, १० मनगटातून, १० कोपरातून, १० खांद्यातून. इथे नुसतं तुटतं का हे बघत नाहीत, तडा ठोकळ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत धावत जातो का ते बघतात. धावला, तर त्या दिवशी मोठा उतार सोडायचा.

तडा कसा धावतो हा प्रश्न शास्त्रज्ञांना बरीच वर्षं छळत होता, कारण कधीकधी माणूस अगदी सपाट जागेवर उभा असतो, पायाखालून धप्प असा दबका आवाज येतो आणि लांबचा उतार कोसळतो. सपाट जागेवर घसरायला आहे काय? २००८ मध्ये मांडलं गेलेलं उत्तर असं की कमकुवत थर आधी घसरत नाही, तो खाली बसतो, त्याचे स्फटिक मोडून पडतात, वरची लादी किंचित खाली येते आणि तिच्या वजनाने शेजारचा थर मोडतो, मग त्याच्या शेजारचा. पुढे योहान गोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मुळात ॲनिमेशन सिनेमातल्या बर्फासाठी विकसित झालेली गणिती पद्धत वापरून, दाखवलं की पुरेशा तिरक्या उतारावर हा तडा सेकंदाला १०० मीटरच्याही वर वेग घेऊ शकतो. म्हणजे सुरुवात जिथे झाली तिथून माणूस वळून बघेपर्यंत अख्खा उतार सुटलेला असतो.

म्हणून उताराचा कोन हा सगळ्यात उपयोगी आकडा. लादी सुटून होणारी बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, आणि दुर्दैवाने स्की करायला मजा येते ती याच कोनात. ३० च्या खाली राहिलं आणि डोक्यावर तीव्र उतार नसला, तर खालचा थर कुजका असला तरी दिवस बहुधा सुखरूप जातो. दुसऱ्या कोणाच्या स्कीच्या खुणा दिसल्या म्हणून उतार सुरक्षित असं मात्र अजिबात नाही, कारण लादी जिथे पातळ असते, खडकाच्या कडेला वगैरे, तिथेच माणसाचं वजन खालच्या थरापर्यंत पोचतं, आधीचे दहा जण त्या जागेपासून दोन मीटर लांबून गेलेले असू शकतात.

आणि सापडलोच तर? वाहताना हलका वाटणारा बर्फ थांबला की काही क्षणांत घट्ट होतो, कण घासून चुरा झालेले असतात आणि लगेच एकमेकांना सांधतात, हातसुद्धा हलवता येत नाही. पुरलेल्या माणसाचा जीव बहुतेक वेळा गारठ्याने नाही, श्वास कोंडून जातो. स्वित्झर्लंडमधल्या नोंदींनुसार १० मिनिटांच्या आत काढलेल्यांतले दहापैकी नऊ वाचतात, अर्ध्या तासाने जेमतेम तीन. गोंडोला स्टेशनवरून मदत पोचायलाच एवढा वेळ जातो, त्यामुळे वाचवणारे असतात ते सोबतचेच. प्रत्येकाच्या छातीवर ४५७ किलोहर्ट्झवर सिग्नल देणारा आणि दुसऱ्याचा पकडणारा ट्रान्सीव्हर चालू हवा, सॅकमध्ये लांब प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची काठी) आणि धातूचं फावडं हवं, आणि सगळ्यात वेळ खातं ते खणणं, म्हणून थेट माणसाच्या वरून भोक पाडत बसायचं नाही, उताराच्या खालच्या बाजूने आडवं खणत आत शिरायचं. गुलमर्गला हे सामान भाड्याने मिळतं. घेतलंत तर निघायच्या आदल्या दिवशी एक ट्रान्सीव्हर बर्फात पुरून सगळ्या ग्रुपने तो शोधून, खणून बघा, घड्याळ लावून.