सीसीचा आकडा आला कुठून? स्पोर्ट्स मोटारसायकलच्या इंजिन-निवडीची पार्श्वभूमी

बारावीचा निकाल लागला, कॉलेजचा प्रवेश झाला आणि वय अठराच्या पुढे सरकले की नागपुरातील अनेक घरांत एकच विषय निघतो, आणि तो बहुधा एका आकड्यापाशी येऊन थांबतो. मुलाला अडीचशे सीसीची स्पोर्ट्स मोटारसायकल हवी असते, वडिलांच्या मते दीडशे पुष्कळ झाली, आणि मामा आपल्या तरुणपणीच्या यामाहा आरएक्स १०० ची आठवण काढून दोघांनाही गप्प करतात. हे तिघेही सीसीचा आकडा ताकदीचे माप समजून बोलत असतात. वास्तविक तो ताकदीचा आकडा नाही. शिवाय १००, १५०, २५०, ३५० या ज्या पायऱ्या आपण गृहीत धरतो, त्या चालवणाऱ्याच्या गरजेतून पडलेल्या नाहीत. त्यातील बहुतेक सरकारी धोरण, कर, विमा, परवान्याचे नियम आणि शर्यतींचे गट यांनी पाडलेल्या आहेत.

सीसी म्हणजे घन सेंटिमीटर. पिस्टन खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत सरकताना सिलिंडरमधील जेवढी जागा व्यापतो, तेवढे ते आकारमान. सिलिंडरचा व्यास म्हणजे बोअर आणि पिस्टनच्या धावेची लांबी म्हणजे स्ट्रोक ही दोन मापे ठाऊक असली, तर शाळेत शिकलेल्या वृत्तचितीच्या सूत्राने कोणीही हा आकडा काढू शकतो. सक्करदऱ्याकडच्या एका गॅरेजमध्ये मिस्त्रींनी वर्तमानपत्रावर दोन पिस्टन शेजारी शेजारी ठेवलेले मी पाहिले होते. एक जुन्या बुलेटचा, ७० मिलिमीटर व्यासाचा, उंच, पेल्यासारखा. दुसरा केटीएम कंपनीच्या ३९० ड्यूकचा, ८९ मिलिमीटर व्यासाचा आणि इतका बुटका की चहाची बशीच वाटावी. बुलेटचा पिस्टन ९० मिलिमीटर धावतो आणि ३४६ सीसी भरतात. ड्यूकचा ६० मिलिमीटरच धावतो आणि ३७३ सीसी भरतात. आकारमानात फरक जेमतेम २७ सीसींचा, पण ताकद जुन्या बुलेटची १८ अश्वशक्तीच्या आसपास आणि ड्यूकची ४३ च्या आसपास. आखूड धावेचा पिस्टन मिनिटाला कितीतरी जास्त फेरे सहन करू शकतो, रुंद सिलिंडरच्या माथ्यावर मोठे व्हॉल्व्ह, म्हणजे हवेच्या झडपा, बसतात, आणि ताकद शेवटी मिनिटाला किती हवा-इंधन जाळले यावर ठरते. पिस्टन उलटा करून दाखवत मिस्त्री म्हणाले होते, ‘‘सीसी काय पाहून राहिले भाऊ, हा फिरते किती ते पाहा ना.’’

आता हे आकडे आपल्याकडे आले कसे, ते पाहू. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात सीमेवरील गस्तीसाठी सैन्याला दणकट मोटारसायकल हवी होती. त्यासाठी ३५० सीसीची बुलेट निवडली गेली आणि १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडियाची स्थापना झाली. पुढे म्हैसूरहून २५० सीसीची जावा आणि एस्कॉर्ट्सची १७३ सीसीची राजदूत आली. यांपैकी एकही गाडी स्पोर्ट्स म्हणून विकली जात नव्हती. परवाना-राजच्या त्या काळात निवडीला वावच नव्हता, कारण नोंदणी करून जी गाडी मिळेल ती घ्यायची, अशीच रीत होती.

खरा फाटा १९८० च्या दशकाच्या आरंभी फुटला. दुचाकी उद्योगाला परदेशी सहकार्याची दारे उघडताना सरकारने १०० सीसीची मर्यादा आखली. सुझुकीच्या सहकार्याने एएक्स १००, होंडाच्या सहकार्याने १९८५ मधील सीडी १००, यामाहाच्या सहकार्याने त्याच वर्षीची आरएक्स १०० आणि कावासाकीच्या सहकार्याने केबी १०० अशा चार जपानी घराण्यांच्या गाड्या एकाच मापाच्या का निघाल्या, याचे उत्तर या मर्यादेत आहे. भारतीय ग्राहकाला शंभर सीसीच हवी आहे, असा शोध कोणी लावला नव्हता. पण एका पिढीचा हात त्याच मापावर बसला, आणि पुढे ‘मोठी गाडी’ म्हणजे शंभराच्या वरची, ही व्याख्या आपोआप रूढ झाली.

शंभर सीसींच्या या चौकटीतही सीसीचा आकडा किती फसवा आहे, ते लगेच दिसले. सीडी १०० चे फोर स्ट्रोक इंजिन सात अश्वशक्तीच्या आसपास ताकद देई आणि लिटरमागे ऐंशी किलोमीटरची जाहिरात मिरवी. आरएक्स १०० चे टू स्ट्रोक इंजिन ५० मिलिमीटर बोअर आणि ५० मिलिमीटर स्ट्रोकचे, म्हणजे ९८ सीसीचे. पण ताकद ११ अश्वशक्ती आणि गाडीचे वजन शंभर किलोच्या आसपास. टू स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, फोर स्ट्रोकमध्ये दर दुसऱ्या फेऱ्याला. तेव्हा मामांची आठवण खोटी नाही. फक्त ती सीसीची आठवण नसून वजनाच्या मानाने मिळणाऱ्या ताकदीची आहे.

याच दशकात, १९८३ मध्ये, एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी ३५० चे भारतीय रूप राजदूत ३५० या नावाने आणले. तिचे दोन सिलिंडरचे टू स्ट्रोक इंजिन ३४७ सीसीचे होते, म्हणजे बुलेटपेक्षा एका सीसीने मोठे. तरीही तिच्या ‘हाय टॉर्क’ रूपाची ताकद ३० अश्वशक्तीच्या थोडी वर होती. मूळ गाडीला पुढे डिस्क ब्रेक मिळे, आपल्या गाडीला मात्र ड्रम ब्रेकच दिला गेला. इंजिन धावपट्टीचे आणि ब्रेक गल्लीचे, असा हा संसार. पेट्रोल पिणे, सुट्या भागांची महागाई आणि थांबायला लागणारे अंतर यांमुळे ती दशक संपता संपता बंद पडली. आज नीट राखलेली आरडी मिळवण्यासाठी लोक वाटेल तो भाव मोजतात, हा भाग वेगळा.

नव्वदच्या दशकापासून कडक होत गेलेल्या उत्सर्जन मानकांनी टू स्ट्रोकला हळूहळू बाजूला सारले. फोर स्ट्रोकमध्ये तीच मजा हवी तर आकारमान वाढवणे भाग होते, आणि तिथून दीडशेची पायरी घडली. १९९९ मध्ये १५६.८ सीसीची सीबीझेड आली. २००१ च्या अखेरीस पल्सर १५० आणि १८० आल्या. २००३ मध्ये २२३ सीसीची करिझ्मा आली. करिझ्माची ताकद १७ अश्वशक्तीच्या आसपास होती. पाच वर्षांनी, २००८ मध्ये, यामाहाने आर१५ आणली. तिचे इंजिन १४९.८ सीसीचे, द्रवशीतित (म्हणजे हवेऐवजी द्रवाने थंड राखलेले), चार व्हॉल्व्हचे आणि सहा गिअरचे, आणि ताकद तीच १७ च्या आसपास. ७३ सीसी कमी आणि ताकद सारखी. माझ्या मते भारतातील स्पोर्ट्स मोटारसायकलचा हिशेब या गाडीने बदलला. कारण चेसिस, सस्पेन्शन आणि वळणावरचा भरवसा हेही मोजायचे असते, हे सामान्य ग्राहकाच्या हातात प्रथमच आले.

मग दारे भराभर उघडली. २००९ मध्ये दोन सिलिंडरची निंजा २५०, २०११ मध्ये एक सिलिंडरची सीबीआर २५०, २०१२ मध्ये चाकणला बनलेली २०० ड्यूक, २०१३ मध्ये ३९० ड्यूक, २०१४ मध्ये आरसी ३९०, २०१५ मध्ये ३२१ सीसीची आर३ आणि २०१७ च्या शेवटी ३१२ सीसीची अपाचे आरआर ३१०. वरच्या टोकाला २००७ मध्ये एक गमतीदार देवघेव झाली होती. अमेरिकेने भारतीय आंब्याला बाजार खुला केला आणि भारताने ८०० सीसीवरील मोटारसायकलींच्या आयातीचे नियम सैल केले. (नागपूरच्या संत्र्याच्या बदल्यात काय मिळाले असते, याचा विचार आम्ही अधूनमधून करतो.) त्याच वर्षाच्या अखेरीस यामाहाची आर१ अधिकृतपणे भारतात विकू लागली.

या वरच्या गाड्यांचे आकडे कुठले, असे विचारले तर उत्तर पुन्हा नियमांकडे जाते. १९४९ मध्ये जागतिक ग्रां प्री स्पर्धा सुरू झाली तेव्हापासूनच १२५, २५०, ३५० आणि ५०० सीसी हे गट होते. पुढे ६०० आणि १००० या स्पोर्ट्स मोटारसायकलींच्या पक्क्या पायऱ्या झाल्या, त्याही मुख्यतः उत्पादित गाड्यांच्या शर्यतींतील गटांमुळे. जपानमध्ये १९७५ च्या परवाना-सुधारणेनंतर मधल्या परवान्याची मर्यादा ४०० सीसी राहिली आणि २५० पर्यंतच्या गाड्यांना ठरावीक काळाने होणारी सक्तीची तपासणी माफ होती; म्हणून तिथे चारशे आणि अडीचशे सीसीच्या अतिशय तेज गाड्या बनल्या. युरोपने २०१३ पासून मधल्या परवान्याला ३५ किलोवॅटची मर्यादा घातली. तिथे नवख्या चालकाला सीसी विचारत नाहीत, ताकद आणि वजनाचे प्रमाण विचारतात. नवख्याने चार सिलिंडरची ६०० घेऊ नये, असा जो सल्ला आपल्याकडे इंटरनेटवरून आला, त्याचे मूळ तिकडच्या अनुभवात आहे. कारण सुमारे १२० अश्वशक्तीची अशी गाडी पहिल्याच गिअरमध्ये ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडते.

आपल्याकडे सीसीच्या रेषा आखल्या त्या कर आणि विम्याने. त्रयस्थ पक्ष (थर्ड पार्टी) विम्याच्या २०२२ च्या दरांत ७५ ते १५० सीसीला ७१४ रुपये आणि १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये असा हप्ता होता. आर१५ चे इंजिन २०१८ मध्ये १४९.८ वरून १५५ सीसीचे झाले, तेव्हा जेमतेम पाच सीसीसाठी ग्राहकाची गाडी वरच्या गटात गेली. जीएसटीतही ३५० ची रेषा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर १८ टक्के आणि त्यावरील गाड्यांवर ४० टक्के कर लागतो. त्यामुळे ३१२ आणि ३२१ सीसीच्या गाड्या स्वस्त झाल्या आणि ३९८ सीसीवर गेलेली नवी ३९० रेषेच्या चुकीच्या बाजूला राहिली. ताकदीत या तिन्ही गाड्या एकाच पंगतीच्या असूनही असे झाले.

नागपूरच्या वाचकाने या हिशेबात ऊन धरले पाहिजे, कारण माहितीपत्रकात ते नसते. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे सहा टक्क्यांनी विरळ असते, म्हणून मे महिन्यात कोणतेही साधे इंजिन तेवढ्या प्रमाणात कमी श्वास घेते. ते एक वेळ चालेल; पण दुपारी दोन वाजता व्हेरायटी चौकात सिग्नलला उभे असताना मोठ्या एक सिलिंडर इंजिनाच्या रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि सारी झळ फेअरिंगच्या, म्हणजे गाडीच्या बाहेरच्या आवरणाच्या, फटीतून मांड्यांवर येते, तेव्हा दीडशे आणि चारशेमधला फरक पॅन्टच्या कापडातून कळतो. दुसरे असे की हे शहर सपाट आहे. पुण्या-साताऱ्याकडे घाट चढताना खालच्या फेऱ्यांवरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, कामी येतो. इथे त्यासाठी परतवाड्यापुढे चिखलदऱ्याच्या चढाला जावे लागते. रोज धरमपेठ ते मेडिकल चौक जाणाऱ्याला तिसऱ्या गिअरच्या पुढे फारसे जायला मिळत नाही.

मोकळा रस्ता हवा तर समृद्धी महामार्ग आठवतो, पण त्यावर दुचाकीला मनाई आहे. उरतो तो ४४ क्रमांकाचा महामार्ग. तिथे चौपदरी रस्त्यावर मोटारसायकलला केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि पेंचच्या बाजूला पहाटे रोही (नीलगाय) आडवे येण्याची शक्यता वेगळीच. ८० ते १०० च्या दरम्यान इंजिन न ओरडता तासन्‌तास चालावे आणि ओव्हरटेक करताना गिअर उतरवावा लागू नये, एवढी अपेक्षा असेल, तर अडीचशे ते साडेतीनशेतील गाडी पुरून उरते. शहरापुरते वापरणाऱ्याला दीडशे-दोनशेतील द्रवशीतित गाडी जास्त सोयीची पडते.

इतक्या सगळ्या रेषा आखणाऱ्या आपल्या कायद्याने एका ठिकाणी मात्र सीसी जवळजवळ विचारलेच नाहीत. मोटार वाहन कायद्यात सोळा ते अठरा वर्षे वयासाठी ५० सीसीची मर्यादा आहे. अठरा पूर्ण झाल्यावर गिअरच्या मोटारसायकलचा एकच परवाना मिळतो. आरटीओच्या मैदानावर मुलगा वडिलांची शंभर सीसीची गाडी घेऊन येतो, पाय न टेकवता इंग्रजी आठचा आकडा काढून दाखवतो, आणि पुढे हाती पडलेल्या कार्डावर तो ९७ सीसीची सीडी चालवू शकतो, तशीच १,३४० सीसीची हायाबुसाही.